नात्यातली गाडी

हनादीचा राग आमच्या मफ्रक शहरात कुणाला नवा नव्हता. शाळेतल्या पोरी गणितापेक्षा तिच्या भुवईला जास्त घाबरायच्या, आणि गल्लीतला पाववाला तिच्या पिशवीत कालचा पाव सरकवायची हिंमत करत नसे. पण हिचा राग कधी उगाच नसतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं बहुतेक वेळा खरंच असायचं, आणि म्हणूनच ते लोकांना जास्त झोंबायचं.

सव्वीस वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी सरकारी नोकरी लागली ती पूर्वेला, वाळवंटातल्या एका खेड्याच्या शाळेत, घरापासून सत्तर किलोमीटरवर. जायला सोय एकच, मास्तरणींनी मिळून ठरवलेली मिनीबस. तिचा ड्रायव्हर मर्जीचा धनी. चौदा डोकी भरली की निघायचा, तेरा असली की चहा प्यायला बसायचा. उशीर त्याचा आणि बोलणी हनादीला. मोठ्या बाईंनी तीन लेखी ताकिदी दिल्या होत्या, आणि चौथी झाली तर कायम करणार नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. सप्टेंबरात शाळा उघडायच्या आत स्वतःची गाडी, नाहीतर नोकरीवर पाणी. यात समजायला अवघड काही नव्हतं, पण घरात ते समजलेली ती एकटीच होती.

पैसे तिने स्वतः उभे केले. शाळेतल्या बायकांची भिशी होती, तिचा नंबर मे महिन्यात लागला. त्यात पगारातले राहिलेले घातले आणि साडेचार हजार दिनार एका पाकिटात भरून आईच्या कपाटात ठेवले. मग सगळा उन्हाळा तिने गाड्या बघण्यात घातला. झरकाच्या बाजारात उन्हात उभी राहिली. तिथले दलाल तिला बघून हसायचे. कुणी म्हणे भावाला पाठव, कुणी म्हणे नवऱ्याला घेऊन ये, आणि नवरा नसेल तर आधी तो शोध, गाडी तोच आणेल. हनादी ऐकून घ्यायची आणि विचारायची, "चारही कोपरे काय म्हणतात?"

आमच्याकडे जुनी गाडी म्हणजे चॅसीचे चार कोपरे, दोन पुढचे, दोन मागचे. बाकी रंग, सीट, गाणी वाजतात की नाही, हे सगळं नंतर. तपासणी केंद्रातला माणूस गाडी वर चढवतो, कोपरे ठोकून बघतो आणि कागदावर प्रत्येकासमोर शेरा लिहितो. चारही 'चांगला' असले की मालक ताठ चालतो. एखादा 'ठोकलेला' निघाला की किंमत उतरते. आणि 'कापलेला' निघाला तर त्या गाडीतून कोंबड्या न्याव्यात, माणसं नेऊ नयेत. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

शेवटी ऑगस्टमध्ये तिला गाडी सापडली. इर्बिदच्या एका निवृत्त कंपाउंडरची, चंदेरी, सतरा वर्षांची. सीटं झिजलेली, थंड हवा म्हाताऱ्यासारखी धापा टाकत येणारी. पण चारही कोपरे चांगले, आणि कागद ताजा. हनादीने ती तासभर चालवून बघितली. चव्वेचाळीसशेवर सौदा ठरला. कंपाउंडर भला माणूस. म्हणाला, "बुधवारपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, मुली. तू विचारतेस ते प्रश्न माझ्या जावयानेसुद्धा विचारले नव्हते."

ती आनंदात घरी आली आणि तिथेच माशी शिंकली.

तिचे वडील, अबू अद्हम, बावीस वर्षं लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलगा अद्हम कुवेतला, मोठ्या दोघी सासरी, आणि ही धाकटी म्हणजे त्यांच्या डोळ्यातलं बुबुळ. पण या माणसाला एक रोग होता, भिडेचा. समोरचा दुखावेल म्हणून स्वतःचं घर जाळतील आणि वर काड्याही पुरवतील. आणि त्यांची सगळ्यात मोठी भीड होती चुलतभाऊ अबू सक्रची. अबू सक्रचा झरकाला जुन्या गाड्यांचा अड्डा. घराण्यातलं लग्न असो की भांडण, त्याच्याशिवाय पान हलत नसे.

इर्बिदची गाडी ऐकून बाबांचा चेहरा पडला. घरात एवढा मोठा गाडीवाला असताना परक्याची गाडी घ्यायची, लोक काय म्हणतील, अबू सक्र काय म्हणेल. हनादीने स्पष्ट सांगितलं की अबू सक्रकाकांकडे चांगली गाडी असेल तर तीही बघते, कागदासकट. बाबा एकदम दचकले. "त्याच्याकडे कागद मागायचा? वेडी आहेस का तू? चुलतभावाचा शब्द आहे तो."

"शब्दाला चाकं नसतात, बाबा."

त्यावर त्यांनी मान हलवली. हनादीला वाटलं, पटलं त्यांना. तीच तिची चूक. मंगळवारी ती शाळेच्या सभेला गेलेली असताना त्यांनी आईकडून कपाटाची किल्ली मागून घेतली, पाकीट खिशात घातलं आणि झरकाला गेले. संध्याकाळी ती घरी आली तर दारात पांढरी गाडी. नवीकोरी असल्यासारखी चकाकणारी. शेजारणी जिन्यावर जमलेल्या, आई मक्लूबाच्या मसालेभाताचं पातेलं परातीत उलटं करतेय, आणि बाबा किल्ली हातात नाचवत म्हणताहेत, सगळे पैसे घेतले नाहीत हो त्याने, शंभर परत दिले, आपल्याच मुलीसाठी म्हणाला. तपासणी? छे. अबू सक्रने छातीवर हात ठेवून सांगितलं, ही गाडी माझ्या मानेवर, काही झालं तर मी जबाबदार. रविवारी सरकारी कचेरीत जाऊन तुझ्या नावावर करायची, बस.

हनादी त्या गाडीकडे बघत राहिली. तिला रडू आलं नाही, कानशिलं तापली. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून जमवलेले पैसे, आणि तिला न विचारता, तिच्या पाठीमागे, एका माणसाच्या छातीवरच्या हातावर देऊन आले. शेजारणी मबरूक, अभिनंदन, म्हणत होत्या. ती कुणालाही उत्तर न देता आत गेली. आई तिच्यामागे आली, दारात उभी राहिली आणि परत गेली. त्या रात्री मक्लूबा हनादीने तोंडात घातला नाही. बुधवारी सकाळी कंपाउंडरचा फोन आला तेव्हा तिला त्या म्हाताऱ्याला सांगावं लागलं की घरच्यांनी दुसरीकडून घेतली. तो म्हणाला, "नशिबाची गोष्ट आहे, मुली," आणि दुपारी ती गाडी कुणीतरी घेऊन गेलं.

फोन ठेवला आणि तिने सरळ पांढरी गाडी काढली, तपासणी केंद्रात नेली.

तपासणारा सलामे नावाचा एक गप्प माणूस होता. त्याने गाडी वर घेतली, पुढचे दोन कोपरे ठोकले, मान हलवली. मग मागे गेला आणि तिथेच थांबला. गाडी खाली घेऊन त्याने डिकी उघडली, स्टेपनी काढली, गालिचा बोटाने उचलून बघितला आणि वास घेतला. हनादीला जवळ बोलावलं. गालिच्याखाली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, वेल्डिंगची एक जाड ओबडधोबड रेघ गेली होती. वरून लांबी भरून रंग मारलेला.

"ही एक गाडी नाही," सलामे म्हणाला. "पुढचं अर्धं एकीचं आणि मागचं दुसरीचं. आणि गोंद बघ, अजून ओला आहे. चार दिवसांपूर्वी चिकटवलाय हा गालिचा. तू कुठे चालवणार ही?"

तिने खेड्याचं नाव सांगितलं. त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं. त्या रस्त्यावर ट्रक कसे येतात ते त्याला सांगायची गरज नव्हती. मागच्या दोन्ही कोपऱ्यांसमोर त्याने 'कापलेला' लिहिलं, शिक्का मारला आणि पैसे घेतले नाहीत. ती ठेवून निघाली तरी त्याने परत तिच्या हातात कोंबले. परतताना ती चाळीसच्या वर गेली नाही. मागून लोक भोंगे वाजवत होते.

आता सांगा, असा कागद घेऊन मुलगी घरी आली तर बापाने काय करावं? अबू अद्हमांनी तो वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. जसं काही तो तिथे अंडी घालणार होता. चेहरा मात्र राखेसारखा झाला. गुरुवारी दिवसभर घरात वादळ होतं. हनादी म्हणत होती, चला काकांकडे, पैसे परत मागू. बाबा म्हणत होते, जमणार नाही, माझं तोंड उचलणार नाही. सगळ्या घराण्यासमोर अबू सक्रला चोर म्हणायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग हळूच म्हणाले, आपण असं करू, ही गाडी विकून टाकू. इथे नको, दूर माआनकडे. तिथे कोण ओळखतंय आपल्याला.

हे ऐकलं आणि मग मात्र हनादीचा बांध फुटला.

"म्हणजे दुसऱ्याच्या मुलीला बसवायचं त्यात? बाबा, तुम्ही बावीस वर्षं ट्रक चालवलात. ही गाडी मागून धडकली तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि तुम्हाला काळजी कसली, तर त्या माणसाच्या तोंडाची. माझं काय? माझ्या मानेचं काय?"

बाबा उठून बाहेर गेले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. हनादीने आईकडे बघितलं. उम्म अद्हम म्हणजे अद्हमची आई, याच नावाने सगळे तिला ओळखत. ती भेंडी चिरत होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हनादी तिलाही बोलली. किल्ली तूच दिलीस, म्हणाली. आईचा हात थांबला आणि मग पुन्हा भेंडीवर चालू झाला.

अड्डा झरकाला असला तरी अबू सक्रचं घर मफ्रकमध्येच. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्याच्या बैठकीत घराण्यातले वीसेक पुरुष जमतात, बाबाही दर शुक्रवारी जातात. हनादीने उशीखालचा कागद घेतला, पायात बूट घातले. बघते तर आई दारात काळा भरतकामाचा पायघोळ थोब घालून उभी, जो ती फक्त लग्नाला आणि मयताला घालते. ती गाडीत जाऊन बसली. पुढच्या सीटवर.

अबू सक्रच्या घराला बायकांचं दार बाजूने आहे. हनादी तिकडे वळलीच नाही. ती समोरच्या दारातून सरळ बैठकीत गेली, सलाम केला आणि आईला घेऊन सगळ्यात खालच्या गादीवर बसली. बोलणं थांबलं. बाबांनी तिला बघितलं आणि त्यांची मान खाली गेली. अबू सक्र मात्र मुरलेला. हसून म्हणाला, या, या, आमची मास्तरीण आली, गाडी कशी पळतेय? आणि कॉफीवाल्या म्हाताऱ्या उमैरला खूण केली. उमैरने रिवाजाप्रमाणे दोन छोटे कप भरून दोघींना दिले आणि कप परत घ्यायला समोर उभा राहिला.

हनादीने कप घेतला आणि समोर गालिच्यावर ठेवला.

आमच्यात पाहुण्याने कप असा खाली ठेवला की त्याचा अर्थ एकच, माझं मागणं आहे, ते मान्य होईपर्यंत तुमच्या घरची कॉफी माझ्या तोंडात जाणार नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला तर त्या घराची अब्रू गेली. लग्नाची मागणी घालायला, खुनाचा समेट करायला आलेले पांढऱ्या दाढीचे लोक असा कप ठेवतात. सव्वीस वर्षांच्या पोरीने गाडीसाठी कप ठेवलेला त्या खोलीने कधी बघितला नव्हता. कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पी, पोरी," अबू सक्र म्हणाला. "कॉफीशी खेळ करू नये."

"माझं मागणं आहे, काका." आणि तिने कागद उघडून मोठ्याने वाचला. पुढचे दोन चांगले. मागचे दोन कापलेले. मग म्हणाली, "गाडी बाहेर उभी आहे. ती घ्या आणि माझे पैसे परत द्या."

अबू सक्रचं हसू जरा सैल झालं. तो म्हणाला, लिलावात घेतलेली गाडी, मला काय स्वप्न पडलं होतं? मीही फसलोच की. आणि तुझ्या बाबांनी स्वतः बघून घेतली, लष्करातला ड्रायव्हर माणूस.

"बाबांनी गाडी नाही बघितली, तुमचं तोंड बघितलं," हनादी म्हणाली. "आणि डिकीतला गोंद अजून ओला आहे. लिलावाची तारीख गाडीच्या कागदांवर आहे, तिला दोन महिने झाले. गोंद कुणी लावला?"

आता कुणी हसलं नाही. अबू सक्रच्या मानेवर लाली चढली. त्याने हनादीकडे बघणं सोडलं आणि तिच्या बापाकडे बघितलं. आणि अबू अद्हम उठले. हनादीला क्षणभर वाटलं, आले, आपल्या बाजूने आले. ते तिच्यासमोर येऊन वाकले, गालिच्यावरचा तिचा कप उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला.

"लहान आहे," ते म्हणाले. "माफ कर, भावा."

हनादीला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. राग म्हणावा तर तो कधीच पलीकडे गेला होता. या माणसाच्या ट्रकच्या सीटवर बसून ती गियर ओळखायला शिकली होती, आणि तोच वीस माणसांसमोर तिचं मागणं गिळून रिकामा कप उमैरच्या हातात देत होता. बैठक सुटल्यासारखी झाली. लोक बोलू लागले, अबू सक्र मोठ्याने हसला, म्हणाला पोरीचं रक्त गरम आहे, चालायचंच, हिच्यासाठी नवरा बघा रे कुणीतरी. बाबा आपल्या जागेवर जाऊन बसले.

उमैर तिथेच उभा होता. तो म्हणाला, "एक कप यायचा आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. उम्म अद्हमसमोर, थोबाच्या काठाजवळ, दुसरा कप गालिच्यावर होता. भरलेला. तिने तो केव्हा ठेवला कुणी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे बघितलंच होतं कुणी?

बाबा अर्धवट उठले, हात पुढे केला. तिने कपावर तळवा ठेवला.

"हा माझा आहे, अबू अद्हम."

ते तसेच अवघडून उभे राहिले. अबू सक्रने घसा खाकरला. वहिनी, म्हणाला, हे तुम्हाला शोभत नाही. ती त्याच्याकडे बघून शांतपणे बोलली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

"तुमच्या तीन मुलांच्या लग्नात मी भात रांधलाय, अबू सक्र. तुमच्या आईला न्हाऊ घालून कफनात मी गुंडाळलंय. आजवर तुमच्या घरात मी काही मागितलं नाही. आज मागते. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी उठते. वाटेत माझ्या भावांचं घर आहे. ते विचारतीलच, आज कॉफी प्यायलीस का म्हणून."

तिचे पाच भाऊ मफ्रकमध्ये सगळ्यांना माहीत आहेत. पण भावांचं सोडा. वीस माणसं तो कप बघत होती आणि त्यातल्या निम्म्यांनी अबू सक्रकडून गाड्या घेतल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत आता दुसराच हिशोब सुरू झाला होता. एकजण हळूच शेजाऱ्याला विचारत होता, ते तपासणी केंद्र कुठेशी आहे. ते अबू सक्रने ऐकलं.

"प्या, वहिनी," तो म्हणाला. "गाडी ठेवून जा. रविवारी पैसे अबू अद्हमच्या हातात देतो."

उम्म अद्हमचा तळवा कपावरून हलला नाही.

"तिच्या हातात," ती म्हणाली.

बाबा अजून उभेच होते, ना बसवत होतं ना जाववत होतं. अबू सक्रने एकदा दाराकडे बघितलं, एकदा बाहेरच्या पांढऱ्या गाडीकडे, आणि मग पहिल्यांदाच नीट हनादीकडे.

"तिच्या हातात," तो म्हणाला.

तेव्हा आईने कप उचलला. कॉफी थंड झाली होती. ती पूर्ण प्यायली, आणखी नको म्हणून कप दोनदा हलवला, उमैरला परत दिला आणि हनादीला म्हणाली, "किल्ली ठेव इथे. घरी आपण चालत जाऊ."